सगळ्यांच्या सहीचा बांध

माझ्याकडे एक जुनं जर्मन पुस्तक आहे. त्याची पाठ केव्हाच निघाली, आता ते पार्सलच्या चिकटपट्टीवर तगून आहे. लग्नाआधी कंपनीने मला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं, तेव्हा रविवारच्या जुन्या बाजारात भाषा सुधारावी म्हणून ते घेतलं. भाषा काही सुधारली नाही, पण पुस्तकही सुटलं नाही. तिथून ते नागपूरला आलं, मग ह्यूस्टनला, आणि आता तिथल्याच शुगर लँड या उपनगरातल्या घरात आहे, जिथे मी निवृत्त होऊन बायकोच्या पायात पायात येत असतो.

पुस्तक अठराव्या शतकातल्या एका प्रशियन सरदाराच्या नोकरीबद्दल आहे. लढायांबद्दल नाही, प्रेमाबद्दल नाही, नोकरीबद्दल. प्रशिया म्हणजे आजच्या जर्मनीचा पूर्वेकडचा भाग आणि थोडा पोलंड, असं एक राज्य होतं. हा तिथल्या एका जहागीरदाराचा तिसरा मुलगा. जमीन थोरल्याला गेली, मधला फौजेत गेला, आणि याचा एक पाय जन्मापासून आखूड, म्हणून हा राजाच्या कचेरीत चिकटला. आधी बिनपगारी उमेदवारी: फायली वाचून दाखवायच्या, नकला काढायच्या, वरिष्ठ बसलेले असताना उभं राहायचं. मग कौन्सिलर, मग जिल्ह्याचा अधिकारी, मग एक अख्खी दलदल कोरडी करून तिथे गावं वसवायच्या कामाचा प्रमुख, मग प्रांताचा अध्यक्ष आणि शेवटी मंत्री. मेला तेव्हाही नोकरीतच होता.

हे असलं पुस्तक कुणाला का आवडावं? मला आवडलं, कारण मला अमेरिकेत तीन कंपन्यांनी काढलं. तेलाचा भाव पडला की इंजिनियर पडतात, हा ह्यूस्टनचा नियम. सकाळी कॉफी घेत बसावं, दुपारी हातात पुठ्ठ्याचं खोकं, आणि दारापर्यंत सोबत करायला सिक्युरिटीवाला, जणू आपण टेबल खिशात घालून नेणार आहोत. त्या प्रत्येक वेळी घरी येऊन मी सरदार उघडायचो. नोकरीला लागला तो लागला! नागपूरच्या माणसाच्या मनात सरकारी नोकरीला काय जागा असते, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. आमच्या गल्लीत मुलीचं लग्न ठरवताना पत्रिका नंतर बघायचे, आधी मुलगा कुठल्या खात्यात आहे ते विचारायचे.

सरदाराच्या कचेरीची एक पद्धत होती. तिथे कुठलाही निर्णय एकटा माणूस घेत नसे. सगळे कौन्सिलर एका टेबलाभोवती बसत. सर्वात कनिष्ठ आधी बोले, म्हणजे वरिष्ठांचं ऐकून त्याने शब्द फिरवू नये. मग मतं पडायची आणि जे ठरेल त्यावर सगळ्यांनी सही करायची, हरलेल्यानेसुद्धा. फारच पटलं नाही तर वेगळं मत लिहून मागे जोडायची मुभा होती. पण ते मत राजा स्वतः वाचायचा आणि समासात शिव्या लिहायचा, त्यामुळे त्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

आमची लेक लहान होती तेव्हा दर रविवारी तिला मराठी शाळेत न्यावं लागे. जायला तासभर, यायला तासभर, आणि जाताना तिचं तोंड एवढंसं. लाच म्हणून मी गाडीत सरदाराची गोष्ट सांगायला लागलो. ती रमली. मागच्या सीटवरून दर रविवारी विचारायची, "बाबा, डिड ही गेट प्रमोटेड टुडे?" बढती मिळाली की टाळ्या वाजवायची. पुस्तकात दिल्या आहेत त्यापेक्षा बऱ्याच जास्त बढत्या मी त्याला दिल्या आहेत. दलदलीचं प्रकरण मात्र मी आटोपशीर सांगत असे: पाणी काढलं, गावं वसली, सरदार अध्यक्ष झाला. मधलं एक प्रकरण मी गाळायचो. लहान पोरीला गाडीत सांगण्यासारखं ते नव्हतं.

तिला कचेरीची पद्धत इतकी आवडली की ती घरात आली. घरातला मोठा निर्णय असला की आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाभोवती बसायचो, ती आधी बोलायची, मग मतं, मग तिघांच्या सह्या. कुत्रा पाळायचा की नाही, यावर अशी सभा झाली. दोन विरुद्ध एक. तिने रडत रडत सही केली, आणि मग आत जाऊन कागदावर एक कुत्रा काढून आणला, मोठ्या कानांचा, आणि तो मागे स्टेपल केला. म्हणाली, "दॅट्स माय वेगळं मत." तो कागद फ्रिजवर कितीतरी वर्षं होता. आम्ही हसायचो. कुत्रा आलाच नाही.

मुलगी सिव्हिल इंजिनियर झाली आणि सरकारी खात्यात लागली. बांधांची तपासणी करणारं खातं. आमच्या घरामागे नदी आहे, आणि नदी आणि घरं यांच्यामध्ये मातीचा एक लांबच लांब बांध आहे, त्याला इथे लेव्ही म्हणतात. वरून सगळे सकाळी फिरायला जातात. असे बांध ठीक आहेत की नाहीत, हे बघणं तिचं काम. त्या दिवशी मी इंडियन दुकानातून पेढे आणून गल्लीभर वाटले. समोरचे पुणेकर काका पेढा घेऊन म्हणाले, "प्रायव्हेटमध्ये डबल मिळालं असतं की हो!" मी म्हटलं, "प्रायव्हेटमध्ये खोकं मिळतं, काका." ते स्वतः कधी काढले गेले नव्हते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

आईवडील याच लेव्हीच्या मागे राहतात, हे लेकीने नोकरीला लागतानाच लिहून दिलं होतं. तिचा साहेब म्हणाला होता, "गुड, यू विल केअर मोअर." हे लक्षात ठेवा.

तीनेक वर्षं बरी गेली. मग एका रविवारी ती जेवायला आली आणि ताटात भात नुसता चिवडत बसली. बायकोने विचारलं, "काय झालं गं?"

"ऑफिस स्टफ, आई."

मग हळूहळू बाहेर आलं. आपल्याच लेव्हीचा एक तुकडा, नदीच्या वळणावरचा. नदी चढली की तिथे पाणी बांधाच्या खालून झिरपतं आणि आतल्या बाजूला, पायथ्याशी, वाळू घेऊन उकळी फुटल्यासारखं वर येतं. एकेक चमचा करत ते आतली माती पोखरत नेतं, आणि वरून बांध दिसतो तसाच दिसत राहतो. तिच्या मते तिथे जमिनीत खोल भिंत घालायला हवी होती. पण तसं लिहिलं असतं तर लेव्ही सुरक्षित बांधांच्या यादीतून निघाली असती, सगळ्यांचा पूरविमा वाढला असता आणि घरांच्या किमती उतरल्या असत्या. म्हणून अहवालात लिहिलं होतं, 'लक्ष ठेवावे.' तो अहवाल आता एकेका अधिकाऱ्याकडे फिरत होता. प्रत्येकाने त्यावर कन्कर म्हणजे सहमत किंवा नॉन-कन्कर लिहायचं.

"नॉन-कन्कर कोणीच करत नाही, बाबा. इट्स नॉट डन. लोक कन्कर करतात अँड देन खाली कॉमेंट लिहितात. आणि कॉमेंट कोणी वाचत नाही."

मी ताबडतोब म्हटलं, "मग तसंच कर ना. कन्कर कर, खाली सविस्तर कॉमेंट लिही. तुझं काम झालं. जबाबदारी सगळ्यांची."

बायकोने लेकीच्या ताटातला गार भात काढून गरम वाढला.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुझ्या सरदारच्या त्या दलदलीत... तिथे पण बांध असेल ना? विदाउट अ डाइक, यू कान्ट ड्रेन अ मार्श."

"होता."

"तू कधी सांगितलं नाहीस. त्याने पण साइन केलं असेल."

सांगायचं नव्हतं. पण ती आता मागच्या सीटवर बसलेली नव्हती. मी सांगितलं. बांधाचा एक तुकडा वाळूवर होता. राजाला वसंतापर्यंत काम पूर्ण झाल्याचा कागद हवा होता. सरदार स्वतः छकड्यातून तिथे गेला, त्याने आपली काठी बांधाच्या पायथ्याशी रोवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. परत येऊन तो टेबलाशी बसला. बाकीचे म्हणाले, काम पूर्ण आहे असं लिहू या, उरलेलं उन्हाळ्यात करू. याने वेगळं मत जोडलं नाही. सगळ्यांनी सही केली, यानेही केली. त्या वर्षी बर्फ वितळलं आणि बांध बरोबर तिथेच गेला. मागे राहत होते ते लांबून आणलेले लोक, जमिनीचं आमिष दाखवून आणलेले, तिथली भाषासुद्धा धड न येणारे. रात्रीतून गावं गेली. माणसं, गुरं, सगळं.

"लाइक अस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लांबून आणलेले." पुढे तिने विचारलं, "मग त्याला पनिश केलं?"

"चौकशी झाली. पण सही सगळ्यांची होती. मग शिक्षा कुणाला करणार?"

"अँड देन? डिड ही गेट प्रमोटेड?"

लहानपणी तिने हा प्रश्न शंभर वेळा विचारला असेल.

"हो," मी म्हटलं. "पुढच्याच वर्षी."

तिने भात संपवला, ताट स्वतः धुतलं आणि गेली. दारात आईच्या गळ्यात पडली, तेवढंच.

त्या आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, मी कुत्रा काढला." मला कळायला वेळ लागला. मग फ्रिजवरचा तो कागद आठवला. खरं सांगायचं तर मला अभिमानबिभिमान काही वाटला नाही. तीनदा खोकं उचललेल्या माणसाला त्या खोक्याची चाहूल लांबून लागते.

आधी तिला मीटिंगांना बोलावणं बंद झालं. मग एका पत्रात विचारलं की तुमचे आईवडील या लेव्हीच्या मागे राहतात, हा हितसंबंध तुम्ही नीट उघड केला होता का? केला होता, आणि साहेब 'गुड' म्हणाला होता. पण 'गुड' तोंडी होतं. अरे, काय अक्कल! पोरीने बापाच्या घराची किंमत पाडणारं मत दिलं, आणि ते म्हणे स्वार्थापोटी! मी घर विकायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही घर विकलंत तरी ते दुसरं कारण काढतील." तिचं बरोबर होतं. आधी रजेवर पाठवलं, मग काढलं. तो ईमेल आला तेव्हा लेक आईबरोबर भाजी घेत होती. तिने फोन पर्समध्ये ठेवला, भेंड्या निवडून पूर्ण केल्या आणि मग आईला सांगितलं. अहवाल बाकी सगळ्यांच्या सहमतीने पास झाला होता.

मराठी लोकांनी आमच्याकडे येणं बंद केलं नाही, पण येऊन जे बोलायचे त्यापेक्षा न येते तर बरं झालं असतं. समोरचे काका सोफ्यावर बसून म्हणाले, "राग मानू नका, पण आपल्याच पोरीने आपल्याच घरांच्या मुळावर यायचं, म्हणजे जरा अतीच नाही का?" मी म्हटलं, "घरांच्या मुळाशी पाणी आहे, काका, तेच ती सांगत होती." ते चहा अर्धा ठेवून उठले.

नोकरीसाठी तिने खूप ठिकाणी अर्ज केले. पण बांधांची कामं करणाऱ्या कंपन्यांना कामं मिळतात ती सरकारकडून, आणि सरकारशी भांडलेली मुलगी कोण घेणार? शेवटी ती घरामागे स्विमिंग पूल बांधून देणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागली. ड्रॉइंग काढते, वाळूची गाडी कुठे उतरवायची ते फोनवर सांगते. "इट्स फाइन, बाबा," म्हणते. फाइन वगैरे काही नाही. तिच्या हातात केवढी विद्या आहे, ते मला माहीत आहे.

आणि मग गेल्या वर्षी वादळ आलं.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. पुराच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम कोकलत होते. अर्धी गल्ली गाड्या भरून हॉटेलांत निघून गेली. लेकीने सकाळीच फोन केला, "बाबा, आईला घेऊन माझ्याकडे ये." मी नाही म्हटलं. बायकोने हट्ट ओळखला, तांदळाचा डबा आणि औषधं वरच्या मजल्यावर नेली आणि तिथेच बसली.

मी का गेलो नाही, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला तो बांध फुटायला हवा होता. खिडकीशी उभा राहून मी नदीची वाट बघत होतो, पाहुण्याची बघावी तशी. पाणी बरोबर त्या वळणावरून यावं, समोरच्या काकांच्या दिवाणखान्यात शिरावं, साहेबाच्या टेबलापर्यंत जावं, आणि सगळ्या जगाला कळावं की एकट्या माझ्या पोरीचं बरोबर होतं. माझं स्वतःचं घर मध्ये येतं, हे दिसत होतं. तरी हवं होतं.

दुपारी राहवेना. रेनकोट चढवून मी वळणाकडे गेलो. बांधाच्या आतल्या बाजूला, पायथ्याशी, स्विमिंग पूलवाल्या कंत्राटदाराचा पिकअप चिखलात उभा होता, मागे वाळूच्या गोण्या. आणि लेक गुडघ्यांवर बसली होती. तिच्यासमोर जमिनीतून पाणी उकळत होतं, गढूळ, वाळू घेऊन, अगदी तिने ताटासमोर बसून सांगितलं होतं तसं. ती त्याभोवती गोण्यांचं कडं रचत होती. असं कडं केलं की आत पाणी चढतं आणि त्याच्या वजनाने खालचा जोर कमी होतो, वाळू येणं थांबतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तपासणीची गाडी सकाळी एकदा बांधावरून, काचा बंद ठेवून, गेली होती म्हणे. पायथ्याशी कुणी उतरलं नव्हतं.

"हे काय करतेस?" मी पावसात ओरडलो. "तुला काढलंय ना त्यांनी? जाऊ दे! तुटू दे एकदाचं! मग कळेल सगळ्यांना!"

तिने वर बघितलं. चेहरा चिखलाने भरलेला. रागावली नाही, फक्त खूप थकल्यासारखं म्हणाली,

"बाबा, आई घरात आहे."

तिने पुढची गोणी ओढली, ती एकटीला उचलत नव्हती. मग मी दुसरं टोक धरलं.

अंधार पडायच्या आत कडं पुरं झालं. आत चढलेलं पाणी आधी गढूळ होतं, मग हळूहळू निवळलं. ती किती तरी वेळ त्यात हात घालून बसली होती, बोटांना वाळू लागते का ते बघत. नाही लागत, असं दोनतीनदा म्हणाली. मग माझ्या खांद्याला धरून उठली आणि रडली. मीही रडलो, पण मी वेगळ्या गोष्टीसाठी रडलो, आणि ते तिला सांगता आलं नाही. तिने मला बजावलं, "कोणाला बोलू नकोस. विदाउट परमिशन लेव्हीला हात लावणं क्राइम आहे." पाणी उतरल्यावर तिने एकेक गोणी पिकअपमध्ये घालून परत नेली आणि कंत्राटदाराच्या वाळूत ओतली.

सगळ्या घरांना एक पत्र आलं. लेव्हीने अपेक्षेप्रमाणे काम केलं, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली ओळीने सगळ्यांच्या सह्या होत्या. त्या वळणावर भिंत घातलेली नाही. घालणारही नाहीत, आता तर मुळीच नाहीत. तिच्या साहेबाला बढती मिळाली, हे मला समोरच्या काकांकडूनच कळलं. ते पत्र हातात घेऊन मुद्दाम आले होते, आणि वाईट मनाने नाही, खरंच हळहळून म्हणाले, "बघा, काही झालं नाही. पोरीने उगाच हातची नोकरी घालवली हो."

माझ्या तळहातांवरचे फोड अजून सुकले नव्हते. मी हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, "हो काका, बांध टिकला."